निळ्या खडूची फुली

४ फेब्रुवारी
मास्तरच्या दुकानातून

टाचणी,

आशीर्वाद. तू घेणार नाहीस हे माहीत आहे, तरी देते. आशीर्वाद परत पाठवायची सोय पोस्टाने अजून केलेली नाही.

लेकीला, बटणला घेऊन तू आईकडे गेलीस त्याला सात महिने होतील. तेवढेच दिवस माझा भाऊ आणि तुझा नवरा पाहुण्यांच्या छावणीत आहे. (दोघं एकच, पण मला त्याची काळजी दुप्पट वाटते म्हणून दोनदा लिहिलं.) परदेशी सैनिकांना तुमच्या गावातही पाहुणेच म्हणतात का गं? जुन्या साहेबाला हटवायचं, त्याने लपवलेले बॉम्ब शोधायचे आणि महिन्याभरात परत जायचं, असं सांगून आले होते. आता दुसरं वर्ष सरत आलं. बॉम्ब सापडत नाहीत आणि पाहुणे हलत नाहीत. तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई म्हणतात, ते काही उगाच नाही.

दर सोमवारी मी फाटकावर जाते. धुतलेला बनियन देते, मळका परत आणते. आपला मास्तर जिवंत आहे हे मला त्या मळक्या बनियनवरून कळतं. कशासाठी नेलं असं विचारलं, की फाटकावरचा शिपाई म्हणतो, "चौकशी चालू आहे." एवढंच एक वाक्य त्याला आपल्या भाषेत येतं, आणि ते मात्र फार स्वच्छ बोलतो.

माझं विचारशील तर लसीची पेटी खांद्याला लावून अजून दारोदार हिंडते. दारं उघडत नाहीत. आम्ही नर्सा दारांवर खडूने खुणा करतो आणि त्याच दारांवर पाहुणे लाथा मारतात, हे लोकांनी पाहिलंय. मग मी पाहुण्यांचीच माणूस ठरले. दूधवाली सांगत फिरते, लसीत राईएवढा मणी असतो, तो अंगात गेला की माणूस विमानातून दिसतो. मी म्हटलं, "बाई, माझ्या अंगात असे चाळीस मणी असतील, पण मला बघून अजून बससुद्धा थांबत नाही." ती हसली नाही. पूर्वी हसायची.

आता मुद्द्याचं. बटणला गोवराची लस दिलीस का? इकडे गोवराची चाहूल लागली आहे. तुमच्या दवाखान्यात बुटकी आहे, माझ्याबरोबर शिकलेली. हात हलका आहे तिचा. माझं नाव सांगायचं नसेल तर नको सांगूस.

मास्तरच्या शिलाईच्या मशीनला तेल घातलं. पायडल अजून त्याच्यासारखंच कुरकुरतं.

तुझी नणंद


१५ फेब्रुवारी
आईच्या घरून

वन्सं यांस,

नमस्कार. पत्र पोचलं. बटण बरी आहे. तुम्ही पाहिलीत तेव्हा रांगत होती, आता पळते. बोलते कमी आणि ओरडते जास्त.

लसीचं विचारू नका. इथे घरात मामांचा शब्द चालतो. ते गल्लीच्या टोकाला राहतात, पण दिवसभर आमच्या ओट्यावर रेडिओ घेऊन बसलेले असतात. मामा म्हणतात, जुन्या साहेबाला गादीवर बसवलं पाहुण्यांनीच आणि उठवलंही त्यांनीच. बॉम्ब मुळात नव्हतेच, आता ते विमानातून आणून पुरतील आणि मग शोधतील. लस म्हणजे आपल्या मुलींना पुढे मुलं होऊ नयेत याची तजवीज. मामांचं निम्मं बोलणं खरं निघतं, म्हणून उरलेलं निम्मंही आई खरं धरते. मीही धरते की नाही, मला सांगता येत नाही.

एक विचारते. सात महिने गिळलंय, आता गिळवत नाही. राग मानायचा तर माना.

गल्लीत सगळ्यांच्या दारांवर वीतभर खूण होती. आमच्याच दारावर हातभर फुली का? यांना नेलं त्या सकाळी मी खिडकीत होते. पुढचा सैनिक दारासमोर थांबला, फुलीवर पंजा ठेवून त्याने ती मापली, मागच्याला काहीतरी म्हणाला आणि मग लाथ मारली. दुकानातून त्यांनी काय नेलं माहीत आहे? कात्री नाही, कापड नाही. यांचा निळ्या खडूंचा डबा नेला. दोघांनी धरून नेला, जणू फुटेल.

मी कोणाला दोष देत नाही. पण ती फुली तुमच्या हातची होती.

दुकानाची किल्ली तुमच्याकडेच असू द्या.

कळावे.


२२ फेब्रुवारी
दुकानातून

टाचणी,

नाव तुला शोभतं हो. टोचलंस ते थेट हाडापर्यंत. तुझं पत्र वाचून आधी मला राग आला, मग रडू आलं, आणि भाकरी भाजता भाजता एकदम डोक्यात उजेड पडला. भाकरी करपली.

आधी फुलीचं. तू विसरलीस की विसरायचं ठरवलंस? ज्या घरातली सगळी मुलं टोचून झाली तिथे बरोबरची खूण, ज्या घरात एखादं राहिलं तिथे फुली. तुझ्या घरावर तीन फेऱ्यांत तीनदा फुली पडली, कारण आपला मास्तर. सुईवर पोट भरणारा माणूस, आणि कातडीत सुई जाताना बघितली की त्याला घेरी येते! मी पुढच्या दारातून आले, की हा बटणला उचलून मागच्या दाराने छपरावर. आणि तू दारात उभी राहून मला सांगायचीस, "बाळ शेजारी झोपलंय." तिसऱ्या वेळी छपरावरून बटण खिदळली. तेव्हा मी ती हातभर फुली काढली आणि वर बघून ओरडले, "भित्र्या, कळू दे सगळ्या गल्लीला!" तू हसून हसून उंबऱ्यावर बसलीस. आपण तिघंही हसलो होतो गं. ते हसणं एवढं महाग पडेल हे मला कोण सांगणार होतं?

आता दुसरं. त्यांनी खडूचा डबा नेला, हे तू मला आज सांगतेस! खात्याचा पांढरा खडू दवानेसुद्धा जायचा, म्हणून मास्तरने मला त्याचा मेणाचा निळा खडू दिला होता. केवढ्या तोऱ्यात म्हणाला होता, "ताई, माझ्या खडूने तू सगळं गाव बेतलंस." बरोबर आहे. पाहुण्यांना गावभर निळ्या खुणा दिसल्या. तो खडू कोणाकडे मिळतो ते त्यांनी शोधलं. त्याच माणसाच्या दारावर सगळ्यांत मोठी फुली. झाला आपला मास्तर म्होरक्या! साप साप म्हणून भुई धोपटतात ती अशी.

त्यांना वाटतं, खुणा आपल्या लोकांच्या कटाच्या. आपल्या लोकांना वाटतं, खुणा त्यांच्या कटाच्या. दोघांनी मिळून दारं बंद केली, आणि गोवराला कुठे दार लागतं?

पण एक कोडं मला सुटत नाही. तो बोलला का नाही? "ही लसीची खूण आहे, माझी बहीण नर्स आहे." बास. एवढं सांगितलं असतं तर त्याच दिवशी घरी आला असता. जीव खालीवर होतोय माझा. त्याला बोलता येण्यासारखं ठेवलंय ना त्यांनी?

येत्या सोमवारी मी फाटकावर थांबणार नाही. खडू घेऊन आत जाणार आणि खुणा माझ्या आहेत म्हणून सांगणार. किल्ली शेजारच्या चांभारदादांकडे ठेवते आहे.

माझ्यावरचा राग राहू दे, मी त्याला लायक असेन नसेन. पण बटणला बुटकीकडे ने. तुझ्या पाया पडते. नणंद भावजयीच्या पाया पडली हे बाहेर कुठे सांगू नकोस.

तुझी नणंद


२५ फेब्रुवारी

वन्सं,

जाऊ नका. हे पत्र बसच्या कंडक्टरच्या हातात देते आहे, सोमवारच्या आत पोचवतो म्हणालाय. एक माणूस आत आहे तेवढं पुरे. तुम्हालाही ठेवून घेतलं तर बनियन कोण नेणार? ते जिवंत आहेत हे मला कोण कळवणार? मी तुम्हाला उत्तरं कशीही देत होते, पण तुमचं पत्र आलं की आधी बनियन हा शब्द शोधायचे.

हसलो होतो. आठवतं मला. मी उंबऱ्यावर बसले होते आणि तुम्ही मला हात देऊन उठवलंत. त्यानंतर आपल्या घरात कोणी तसं हसलं नाही, म्हणून ते आठवायची भीती वाटते. कोणावर तरी राग धरल्याशिवाय मला सकाळी उठताच येत नव्हतं. पाहुण्यांवर धरून काय उपयोग, त्यांना तो पोचत नाही. तुमच्यापर्यंत पोचत होता.

मामांच्या धाकट्या नातवाला ताप भरलाय. डोळे लाल, अंगावर पुरळ. मामा म्हणतात पाहुण्यांनी विहिरीत काहीतरी टाकलं. मी बटणला अंगणातसुद्धा सोडत नाही. काल मामांचा डोळा चुकवून तिला घेऊन बुटकीबाईंच्या दवाखान्यापर्यंत गेले. बाहेरच्या भिंतीवर खडूची खूण दिसली आणि पाय आपोआप मागे वळले. त्या सैनिकाचा पंजाच डोळ्यांसमोर आला.

दुसऱ्या कोणाच्या हातून नाही हो मला जमणार. तुमच्या हातून देईन. त्यासाठी तरी तुम्ही बाहेर राहायला हवं.

तुमची
टाचणी


१८ मार्च
दुकानातून

टाचणी गं,

तुझा कंडक्टर मंगळवारी आला. मी सोमवारी आत गेले होते. पत्र चांभारदादांनी सांभाळून ठेवलं, ते बाहेर आल्यावर वाचलं. "तुमची" असं लिहिलंस ना, ते दोनदा वाचलं.

आधी तेवढं सांगते आणि मग बाकीचं. मास्तर सुटला. कागदांवर सह्या व्हायच्या आहेत, आठवड्याभरात तो तुझ्या दारात असेल.

आता ऐक. फाटकावरून मला नेलं पाहुण्यांच्या चौकशीच्या कचेरीत. ती आहे जुन्या नगरपालिकेत, वरच्या मजल्यावर. आणि तळमजल्यावर काय आहे? आमचं आरोग्य खातं! दर महिन्याला मी तिथूनच लस घेऊन निघते. हे लोक त्याच जिन्याने वर जाऊन दोन वर्षं डोकं फोडतायत. काखेत कळसा आणि गावाला वळसा. भिंतीवर गावाचा मोठा नकाशा, त्यावर माझी प्रत्येक खूण टाचण्या लावून दाखवलेली. माझ्या कामाची एवढी नीट नोंद आमच्या खात्यानेही कधी ठेवली नाही.

तिथला साहेब आपल्या मास्तरच्याच वयाचा, डोळ्यांखाली काळं आलेलं. शेजारी दुभाषी, आपल्याकडचीच मुलगी. मी खडू टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. साहेबाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, बहीण भावासाठी काहीही सांगेल. उंदराला मांजर साक्ष! मलाही एका खोलीत ठेवून घेतलं. हाल केले नाहीत. पंखा आपल्या घरच्यापेक्षा बरा होता.

मग एका सकाळी मला पुन्हा वर नेलं, आणि त्याला आणलं. फार वाळलाय गं. माझ्याकडे बघेचना. साहेबाला म्हणाला, "ही बाई खोटं बोलते. लहानपणापासून माझे गुन्हे स्वतःवर घ्यायची सवय आहे तिला. खुणा मी केल्या."

साहेब म्हणाला, खुणांचा अर्थ काय ते हिच्यासमोर सांग.

आमचा शहाणा म्हणतो, "बरोबरची खूण म्हणजे माप घेऊन झालं. फुली म्हणजे माप बाकी."

"कसलं माप?"

"पँटचं."

आठ महिने हेच सांगतोय! आणि ते लोक 'पँट' म्हणजे बॉम्बचं सांकेतिक नाव धरून बसले. फुलीच्या घरांत माप बाकी, म्हणजे माल यायचा आहे, असा त्यांनी हिशेब लावला. म्हणून फुलीची घरं फोडली, चांभारदादांचंसुद्धा. हे दुभाषी मुलीने सांगितलं तेव्हा मास्तरचा चेहरा उतरला. त्याला वाटत होतं, आपल्या थापेने आपण एकटेच अडकलोय.

मला राहवलं नाही. मी ओरडले, "भित्र्या, मग बटण छपरावर का होती ते सांग!"

आधी त्याची हनुवटी हलली. मग हसला. मग जे रडायला लागला, की मीही लागले. दोघंही एकदम बोलत होतो, छप्पर, फुली, तू उंबऱ्यावर बसलेली. दुभाषी मुलगी सांगायची थांबली. साहेब विचारतोय, काय म्हणतायत, काय म्हणतायत? तिने पेन्सिल खाली ठेवली आणि त्यांच्या भाषेत हळू आवाजात काहीतरी बोलली. नंतर मला तिने सांगितलं. ती म्हणाली होती, "साहेब, आमच्याही दारावर खूण आहे. माझ्या भाच्याला याच बाईंनी टोचलंय."

"तुला हे कधीपासून माहीत?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. माझं काम दुसऱ्यांचं बोलणं सांगायचं. आणि सांगितलं असतं, तर तुम्ही आमच्या दारावर आला असता."

साहेबाने एका माणसाला तळमजल्यावर विचारायला पाठवलं. तो माणूस दोन वर्षांचं काम दोन मिनिटांत करून वर आला. साहेब मला काहीतरी म्हणाला. माफी असावी, पण मुलीने ती आपल्या भाषेत आणली नाही.

एवढं झालं तरी दारं उघडली नाहीत गं. आता लोक म्हणतात, नर्सबाई पाहुण्यांच्या कचेरीत राहून आली आणि भावाला सोडवलं, म्हणजे त्यांचीच. आमचा दवाखाना गोवराच्या मुलांनी भरलाय, त्यामुळे मला हलता येत नाही. तुझ्याकडे यायचं ठरवलं होतं, ते जमणार नाही. म्हणून मास्तरलाच सांगून पाठवते आहे. बटणला तो स्वतः बुटकीकडे नेईल. त्याला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, का ते विचारू नकोस. उजव्या बाजूला बसत जा.

आणि मागच्या दाराकडे लक्ष ठेव.

तुझी
वन्सं


११ एप्रिल
आईच्या घरून

वन्सं,

नमस्कार, आणि तुमचे सगळे जुने आशीर्वाद आज एकदम घेते.

हे आले. बसमधून उतरले तेव्हा मी ओळखलं ते चालण्यावरून, अंगावरून नाही. बटणने ओळखलंच नाही. माझ्या मागे लपली. हे जमिनीवर बसले, पिशवीतून टेप काढला आणि स्वतःच्या नाकाचं माप घ्यायला लागले. मग कानाचं. मग चपलेचं. थोड्या वेळाने ती येऊन यांच्यासमोर उभी राहिली आणि दोन्ही हात पसरले, माप घ्या म्हणून. यांनी खांद्यापासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं आणि म्हणाले, "मी छावणीत मनात तिचा फ्रॉक शिवत होतो. चार बोटं कमीच धरलं." मग मात्र मला तिथे थांबवेना, मी पाणी आणायला म्हणून आत गेले.

मामांचा नातू गेला. हे यायच्या दोन दिवस आधी. त्या दिवसापासून मामांनी रेडिओ लावलेला नाही. ओट्यावर येऊन बसतात आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहतात. मला वाटलं होतं विहिरीचं काही बोलतील. बोलले नाहीत. त्यांच्याकडे बघून मला पुष्कळ काही बोलावंसं वाटतं, पण मीही दवाखान्याच्या दारातून परत आलेलीच आहे.

हे आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दाराला बाहेरून कडी घातली. यांनी ती पाहिली आणि म्हणाले, "गरज नाही." तरी मी काढली नाही. दवाखान्यात बटणला यांनीच मांडीवर घेतलं. बुटकीबाई म्हणाल्या, मास्तर, तिकडे खिडकीकडे बघा. हे म्हणाले, नाही, बघतो. आणि सुई जाईपर्यंत बघत राहिले. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, पण हात हलला नाही. बटणने गल्ली डोक्यावर घेतली. बाहेर आल्यावर मात्र हे पायरीवर सरळ आडवे झाले. मग बटण रडायची थांबली आणि यांच्या डोक्यावरून हात फिरवत बसली. तुम्ही असतात तर वर्षभर पुरेल एवढं चिडवलं असतंत.

आम्ही निघालो तेव्हा मामा बाहेर उभे होते. मोठ्या नातीचा हात धरून. तिला घेऊन आत गेले.

त्याला दोन आठवडे झाले. बटणच्या अंगावर एक पुळीसुद्धा नाही.

तुमचं कोडं मी यांना विचारलं. काल फ्रॉकला काजं करत बसले होते तेव्हा, उजव्या बाजूला बसून. म्हटलं, एका वाक्यात सुटला असतात. वन्संचं काम सरकारी, त्यांना काही झालं नसतं, निदान सांगून तर बघायचं. आठ महिने पँट पँट काय करत बसलात?

हे म्हणाले, "खुणा ताईच्या म्हटलं असतं तर त्यांनी आधी ताईला आणलं असतं."

मी म्हटलं, आणलं असतं तर आणलं असतं, दोन दिवसांत कळलं असतं त्यांना.

यांनी दोरा दाताने तोडला आणि म्हणाले, "आणि नसतं कळलं तर? बटणचं टोचायचं राहिलं होतं. ताई आत गेली असती तर तिला टोचलं कोणी असतं?"

वन्सं, तीन वेळा छपरावर पळालेला माणूस आत बसून हा विचार करत होता. मी तुम्हाला काय लिहिलं होतं ते यांना माहीतही नाही. दुसऱ्या कोणाच्या हातून नको, तुमच्याच हातून देईन, म्हणून तुम्ही बाहेर राहा. मी चार ओळींत लिहिलं, आणि यांनी त्यासाठी कान घालवला.

बुटकीबाई म्हणतात, दुसरा डोस महिन्याने. तो तुमच्या हातचा. गोवर ओसरला की या. इथली दारं तुमच्याकडच्यासारखीच आहेत, बंद. पण मामांच्या नातीलाही दुसरा द्यायचा आहे, आणि मामा काल विचारत होते, त्या नणंदबाई कधी येणार.

आमच्या दारावर अजून खूण केलेली नाही. बुटकीबाई करत होत्या, यांनी करू दिली नाही. ती जागा पुसून ठेवली आहे. हातभर मोठी करा. खडू निळाच आणा.

तुमची
टाचणी